बालेंदिनचा एक चांगला शब्द

पैज लागली शुक्रवारी संध्याकाळी, इसास्कुन मावशीच्या ऑफिसात.

ऑफिस म्हणजे दोनोस्तिया या समुद्राकाठच्या शहराच्या जुन्या भागातल्या एका गल्लीत, बार आणि छत्र्यांचं दुकान यांच्यामध्ये दाबून बसवलेली एक खोली. मावशी पाहुण्यांना शहर दाखवायची. घोळक्याने नाही, एका वेळी एकच पाहुणा, सबंध दिवस. तिची भाची उशुए शाळा सुटली की तिथे येऊन बसायची आणि टेबलावर बोटांनी ढोल वाजवायची. गेल्या वर्षापर्यंत या मुलीचा वर्गात हात वर जायच्या आधी कान लाल व्हायचे. मग जानेवारीत, शहराच्या सणाला, ती पहिल्यांदा ढोलपथकात उभी राहिली, भर चौकात, सगळ्या गावासमोर. तिथे काय घडलं कुणास ठाऊक, पण त्या दिवशी तिचं तोंड जे उघडलं ते अजून मिटायला तयार नव्हतं.

"उन्हाळ्याच्या सुट्टीत मला पाहुणे दे ना," महिनाभर तिचा एकच धोशा चालला होता.

"तुला पाहुणा दिला तर तो बिचारा बोलणार कधी?" मावशीचं ठरलेलं उत्तर.

त्या शुक्रवारी बिल्बाओहून फोन आला. मावशीने फोन ठेवला आणि हसत सुटली. बालेंदिन नावाचा एक म्हातारा होड्यांच्या शर्यतीवर मित्रांशी पैज हरला होता. शिक्षा काय, तर एक पूर्ण दिवस दोनोस्तियात काढायचा आणि तोही गाईड घेऊन. दोन्ही शेजारी शहरं जन्माची एकमेकांवर जळणारी; बिल्बाओच्या माणसाला याहून कडू औषध नसतं.

"उद्या मला दुसरे पाहुणे आहेत," मावशी म्हणाली, "आणि असल्या गिऱ्हाइकाचं कुणीच भलं करू शकत नाही. म्हणून हा तुला."

"खरंच?"

"थांब, नाचू नकोस. त्याच्याकडून आपल्या शहराबद्दल एक चांगला शब्द काढून दाखव. एकच. मी ऐकला किंवा भरवशाच्या माणसाने ऐकला, तर उन्हाळाभर पाहुणे तुझे. नाही निघाला, तर उन्हाळाभर इथे बसून जाहिरातीच्या पत्रकांच्या घड्या घालायच्या. तोंड बंद ठेवून."

उशुएने हात पुढे केला. मावशीने तो दाबला. झालं. इथे हात मिळवला की विषय संपतो, मग तो बैलांनी दगड ओढायचा असो नाहीतर म्हाताऱ्याचं तोंड उघडायचं असो.

शनिवारी सकाळी बिल्बाओच्या बसमधून सगळ्यात शेवटी जे गृहस्थ उतरले त्यांना ओळखायला नावाची पाटी धरायची गरजच पडली नाही. डोक्यावर ताटाएवढी काळी टोपी, डाव्या हातात छत्री, आणि चेहरा असा, जणू दाढ उपटून घ्यायला आलेत.

"बालेंदिन? मी उशुए. तुमची गाईड."

त्यांनी तिच्या मागे पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

"गाईड तू?"

"मीच."

"चला, शिक्षा निदान अर्ध्या तिकिटात भागली." त्यांनी छत्री जमिनीवर टेकवली. "आधीच सांगून ठेवतो, गाईडबाई. माझ्या तोंडून तुमच्या गावाबद्दल एक जरी बरा शब्द निघाला, तर तुमच्या फुटबॉलवाल्यांचा तो निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घालून मला आठवडाभर बिल्बाओत फिरावं लागेल. टोळक्याशी हात मिळवून आलोय. तेव्हा तू उगाच घसा सुकवू नकोस."

"पण तुम्ही काय बोललात हे त्यांना कळणार कसं?"

"मी सांगणार. मी खोटं बोलत नाही. बिल्बाओचा आहे मी."

"आणि मी मावशीशी हात मिळवून आलेय," उशुए म्हणाली, "की तो शब्द काढूनच दाखवेन."

 मग म्हाताऱ्याच्या मिशीचं एक टोक किंचित वर गेलं.

"परतीची बस सहाची," ते म्हणाले. "चल, कर सुरू."

आणि उशुएने सुरू केलं! भुरभुर पाऊस पडत होता, नदी फुगली होती, आणि पुलावरचे पांढरे-सोनेरी खांब धुऊन पुसून ठेवल्यासारखे चमकत होते. असा पूल पाहिला की माणसाला गावाचा अभिमान वाटायलाच हवा.

"पुलाला सोनं लावलंय?" बालेंदिन म्हणाले. "आमच्याकडे पूल नदी ओलांडायला वापरतात."

ठीक आहे. पूल म्हणजे नुसती सुरुवात. तिने त्यांना सरळ समुद्रावर नेलं. आखाताचा तो अर्धा चंद्र, मधोमध बेट, ओहोटीने उघडी पडलेली ओली वाळू, आणि नेमका त्याच क्षणी ढगातून उन्हाचा एक पट्टा पाण्यावर पडला. उशुएने मनातल्या मनात देवाला दोन पाप्या दिल्या. म्हातारा थांबला. त्याने श्वास आत घेतला.

"छा..." बालेंदिन म्हणाले.

उशुए कठड्यावर वाजवत होती ती बोटं हवेतच थांबली.

"छातीत गारठा भरतो इथे," त्यांनी वाक्य पुरं केलं. "आणि समुद्र म्हणावा तर हा बशीत ओतल्यासारखा. लाट कुठाय? आणि ते टकटक बंद कर बाई. सकाळपासून बघतोय, पूल वाजवलास, दिव्याचा खांब वाजवलास, आता हा कठडा."

"मी ढोल वाजवते."

"ढोल वाजवतेस की अख्खं गाव वाजवतेस?"

जुन्या गावात शिरल्यावर तिने कंबर कसली. मोठ्या चौकात तिने त्यांना मधोमध उभं केलं, चारही बाजूंच्या घरांच्या बाल्कन्यांवर मोठे आकडे रंगवलेले. पूर्वी इथे बैलांचे खेळ व्हायचे तेव्हाचे ते, बाल्कनी भाड्याने घेणाऱ्याला आपली जागा सापडावी म्हणून. हे ती सांगणार इतक्यात बालेंदिन म्हणाले, "इथले लोक स्वतःचं घर विसरतात वाटतं?" पुढे बारमध्ये तिने त्यांच्या हातात काडी दिली, खारवलेला छोटा अँचोवी मासा, ऑलिव्ह आणि लांबट हिरवी मिरची टोचलेली. त्यांनी ती एका घासात खाल्ली. दुसरी मागितली. तिसरी न मागता उचलली.

"कशी आहे?"

"भूक लागली होती."

"तीन खाल्ल्यात!"

"फार भूक लागली होती."

बारवाला हसून हसून फडक्यात तोंड लपवायला लागला. उशुएचे गाल तापले, पण तिला रागही येईना. या माणसाशी भांडण्यात एक गंमत होती, भिंतीवर चेंडू मारावा आणि तो दुप्पट वेगाने परत यावा तशी.

त्यानंतर ती त्यांना एकतीस ऑगस्ट नावाच्या गल्लीत घेऊन आली. तिथे मावशी नेहमी जे सांगते ते भलंमोठं भाषण तिने तोंडपाठ केलं होतं. पण गल्लीच्या तोंडाशी आल्यावर तिला काय वाटलं कुणास ठाऊक, तिने एवढंच सांगितलं, "दोनशे वर्षांपूर्वी त्याच तारखेला सगळं शहर जाळलं. ही एक गल्ली तेवढी राहिली."

"कुणी जाळलं?"

"शत्रूच्या तावडीतून आम्हाला सोडवायला आलेल्या सैन्यानेच."

बालेंदिन वरच्या जुन्या दगडी भिंतीकडे बघत राहिले. मग त्यांनी छत्री काखेत धरली आणि डोक्यावरची टोपी काढली. डाव्या हाताने. उशुएच्या आत्ता लक्षात आलं, सकाळपासून ते सगळं डाव्याच हाताने करत होते. उजवा हात कोपरापासून खाली ठीक होता, पण खांद्यापासून जणू कुणी शिवून टाकला होता.

"मग लोक?" त्यांनी विचारलं.

"गेले होते ते परत आले. राखेवरच बांधलं पुन्हा."

म्हाताऱ्याने मान हलवली. ओठ उघडले.  उशुएने टकटकही केली नाही. बालेंदिनने टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली.

"गल्ली अरुंद आहे," ते हळू आवाजात म्हणाले. पण या वेळी त्यांनी तिच्याकडे न बघता म्हटलं.

दोन वाजत आले. उशुएच्या पिशवीतलं सगळं संपलं होतं, बंदर, देवळं, टेकडी. तिच्या डोळ्यांसमोर पत्रकांचा गठ्ठा नाचायला लागला. आणि मग तिला आजोबा, तिचे आबा, आठवले. शनिवार! शनिवारी आबा मंडळात रांधतात!

मंडळ म्हणजे शेवटच्या गल्लीतलं एक बिनपाटीचं दार, ज्याची किल्ली सभासदांकडेच असते. आत लांब टेबलं, पिंपं, आणि मागे स्वयंपाकघर. सभासद सगळे पुरुष. तेच बाजार करतात, तेच रांधतात, तेच एकमेकांच्या रश्श्याला नावं ठेवतात. बायका-मुली पाहुण्या म्हणून टेबलावर जेवायला येतात, पण स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापलीकडे त्यांचं पाऊल पडत नाही. दुसऱ्या मंडळांनी हे कधीच सोडून दिलं होतं. आबांच्या मंडळाने नाही. उशुए या उंबरठ्याच्या अलीकडेच रांगायला शिकली होती.

दार वाजवल्यावर एप्रन बांधलेल्या आबांनीच उघडलं.

"हे बालेंदिन, बिल्बाओचे," उशुए म्हणाली. "माझे पाहुणे."

"बिल्बाओचे?" आबा दार पुरतं उघडत म्हणाले. "या या. आज नेमकं पिल-पिल करतोय. बसा, खऱ्या पिल-पिलची चव घ्या."

उशुएने कपाळाला हात लावला. अरे देवा! पिल-पिल, खारवलेल्या कॉड माशाचं ते कालवण, जे बिल्बाओवाले आईच्या दुधाच्या खालोखाल मानतात, आणि तेच आज! शहाणी असती तर तिने म्हाताऱ्याला तिथूनच परत फिरवलं असतं. पण बालेंदिनच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदाच उजेड पडला होता.

"तुम्ही करणार?" ते म्हणाले. "बघू या तर."

ते उंबरठ्याजवळच्या खुर्चीवर बसले, उशुए त्यांच्या शेजारी उभी राहिली. आत शेगडीवर मातीचं पसरट भांडं, त्यात ऑलिव्हचं तेल, लसणाचे काप सोनेरी करून बाजूला काढलेले, आणि कॉडचे जाड तुकडे तेलात मुकाट पडलेले. या कालवणात दुसरं काही घालायचं नसतं. माशाच्या कातडीतून चिकट रस सुटतो, तो तेलात मिळून आला की पांढरा, दाट, मलईसारखा रस्सा होतो. मिळून आला तर. नाही आला तर ते नुसतं तेलात पोहणारं दुःख.

आबांनी भांडं शेगडीवरून उतरवलं आणि खिळ्यावरून एक वस्तू काढली. गाळणी.

बालेंदिन उठले. खुर्ची मागे पडली.

"हे काय आहे?"

"गाळणी," आबा म्हणाले. "गाळणीने तेलात असं गोल-गोल केलं की पटकन..."

"चहा करताय का? अहो, चहा करताय?" म्हाताऱ्याचा आवाज पिंपांवरून घुमून परत आला. "कॉडला गाळणी! माझ्या आईने बघितलं असतं तर ती कबरीतून उठून तुमच्या कानाखाली वाजवून परत जाऊन झोपली असती!"

टेबलावरचे सगळे सभासद उठून दाराशी गोळा झाले. भांडण आणि तेही स्वयंपाकावरून, म्हणजे मेजवानीच.

"मग करून दाखवा तुम्ही," आबांची मान ताठ झाली. "हे भांडं, हा मासा. या आत."

आणि बालेंदिन आत गेले. बाहेरचा माणूस असून ते एका पावलात आत गेले. उशुएने खाली उंबरठ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या बुटांकडे बघितलं.

त्यांनी दोन्ही हातांनी भांड्याचे कान धरले आणि ओट्यावर ते गोल फिरवायला सुरुवात केली. खरी रीत हीच. चमचा नाही, गाळणी नाही, नुसतं भांडं डोलवायचं, म्हणजे मासाच रस सोडतो आणि तेल त्याला घेतं. पहिले दोन-चार फेरे झक्क गेले. मग उजवा खांदा अडला. फेरा तुटला. तेल एका बाजूला हेलकावलं. म्हाताऱ्याने दात आवळले, पुन्हा धरलं, पुन्हा तुटलं. तेल पिवळंधमक, रस वेगळा, त्याचे पांढरे थेंब बिचारे इकडून तिकडे भटकतायत. कपाळावर टोपीखाली घाम जमा झाला.

दारातला दंगा कधी थांबला कळलं नाही. कुणी हसलं नाही. आबांनी मदतीला हात अर्धा उचलला आणि मागे घेतला, कारण या क्षणी मदत करणं म्हणजे त्या माणसाला सगळ्यांसमोर उघडं पाडणं, हे त्यांनाही कळत होतं.

"खांदा," बालेंदिन कुणाकडेही न बघता पुटपुटले. "दोन वर्षं झाली. घरीही... घरीही नाही केलं तेव्हापासून."

 उशुए पैज त्या क्षणी साफ विसरली, अगदी शपथेवर.

"मी फिरवते," ती म्हणाली.

सगळ्या माना वळल्या.

"उशुए," मंडळाचे अध्यक्ष इनाशिओ घसा खाकरून म्हणाले, "बाळा, उंबरठा."

"मला माहितीय."

"असं करू या," इनाशिओंना तोडगा काढायची भारी हौस. "स्टूल आणा रे! भांडं उंबरठ्यावर ठेवू, ती बाहेरून फिरवेल. नियमही राहिला, मासाही राहिला."

दोघे जण खरंच स्टूल आणायला धावले. आणि गेल्या वर्षीची उशुए असती तर तिने त्या स्टुलाला हजारदा धन्यवाद दिले असते.

"नको," ती म्हणाली. आवाज जरा चिरका निघाला, पण निघाला. "दारातून मांजराला वाढतात. मी फिरवणार तर आत येऊन. नाहीतर आबा, तुमची गाळणी आहेच."

आबांनी हातातल्या गाळणीकडे पाहिलं. म्हाताऱ्या बिल्बाओकराकडे पाहिलं, जो अजून भांड्याचे कान धरून उभा होता. इनाशिओ म्हणाले, "पाचिकु, तू बोल. नात तुझी आहे."  पण आधी बोलले ते बालेंदिन.

"हा नियम कुणी केला?"

"आमच्या वडिलांनी," आबा म्हणाले.

"मग बोलवा त्यांना. हा रस्सा तेच आणतील मिळवून."

कुणीतरी मागे खुदकन हसलं. आणि तेवढ्यात उशुएने पाऊल उचललं आणि आत टाकलं. बस्स, एवढंच. छत कोसळलं नाही. फरशी बाहेरच्यासारखीच गार होती.

"आता आली ती आली," आबा म्हणाले आणि स्वतःचा एप्रन काढून तिच्या गळ्यात अडकवला. "आधी हात धू."

ती भांड्याजवळ उभी राहिली. बालेंदिन तिच्या खांद्याशी.

"कोपर बाजूला चिकटव. हात हलवायचा नाही, मनगट. गोल. अगं, एवढ्या जोरात नाही! ढोल बडवत नाहीयेस. बाळ झोपवतेयस."

"बाळ झोपवण्याचा पण ताल असतो."

"मग तोच धर. सकाळपासून गाव बडवलंस ना, आता इथे दाखव."

उशुएने डोळे मिटले. सणाच्या सकाळची ती संथ चाल तिला आठवली, सगळ्यात पहिली, जी वाजवताना घाई केली की पथकप्रमुख डोळे वटारतो. एक, आणि, दोन, आणि. भांडं डोलायला लागलं. मनगटं आपोआप वळू लागली.

"नाही येणार मिळून," दारातून कुणीतरी म्हणालं.

"येणार!"

"पैज?"

"लाव! हरलेल्याने महिनाभर भांडी घासायची!"

हात मिळवल्याचे आवाज फटाफट आले. अर्धं मंडळ एका बाजूला, अर्धं दुसऱ्या. "हळू!" "अगं, जरा वेग दे!" "तुम्ही गप्प बसा हो, तुमचं स्वतःचं अंडं कधी धड उकडत नाही!" तेल अजून पिवळंच. उशुएची मनगटं भरून आली. एक, आणि, दोन, आणि. थांबली असती तर सगळं गेलं असतं, आबांची गाळणी, मंडळाचे वडील, सगळेच जिंकले असते, फक्त ती सोडून.

"थांबू नकोस," म्हातारा तिच्या कानाशी म्हणाला. "बघ. कडेला बघ."

भांड्याच्या कडेला एक पांढुरका दोरा उमटला होता. तो फिरला, पसरला, विरतोय की काय असं वाटलं, आणि मग त्याने दुसरा दोरा पकडला. तेल धुरकट झालं. धुरकट झालं ते दुधाळ झालं. आणि बघता बघता सगळं भांडं एकदम जड झालं, जणू आतून कुणीतरी हात दिला, आणि मलईसारखा दाट रस्सा माशांना कवटाळून डोलायला लागला.

"आला!" उशुए किंचाळली. "आला, आला, आला!"

मंडळात जो गलका उठला तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला असावा, कारण समोरचा बारवालाही बघायला आला. हरलेले ओरडत होते, जिंकलेले नाचत होते, आबांनी गाळणी परत खिळ्याला न लावता कचऱ्याच्या डब्यात टाकली. बालेंदिनने डाव्या हाताने भांड्यातून ब्रेडचा तुकडा फिरवला, तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

सगळे जेवायला बसले. उशुए एप्रन न काढताच बसली. बालेंदिनची थाळी ब्रेडने पुसून इतकी लख्ख झाली की धुवायची गरज उरली नाही. आबांना पैजेची बातमी इसास्कुनकडून कालच लागली होती; त्यांनी उशुएकडे बघून डोळा मारला आणि भर टेबलावर विचारलं, "काय बालेंदिन, कसं झालंय?"

 उशुएला पैज आठवली ती आत्ता.

बालेंदिनने मिशी पुसली. "कॉड उत्तम आहे."

"बोललास!" आबा टेबलावर हात आपटून ओरडले. ओरडता ओरडता ते 'तू'वर कधी आले त्यांनाही कळलं नाही. "बोललास तू! सगळ्यांनी ऐकलं!"

"कॉड कुठला?"

"कुठला म्हणजे? फेरो बेटांचा."

"मग मी फेरो बेटांबद्दल बोललो. तिथे मी कुठलीच पैज लावलेली नाही."

"बरं, तेल?"

"दक्षिणेचं."

"मग हिची मनगटं?" आबांनी नातीचा हात वर धरला. "ही तर इथलीच ना?"

बालेंदिनने उशुएकडे नीट पाहिलं. आता मिशीची दोन्ही टोकं वर गेली. "ही पोरगी बिल्बाओची आहे."

"मी? मी जन्मले या गल्लीत!"

"त्याला काय होतं. आम्ही बिल्बाओचे लोक आम्हाला वाटेल तिथे जन्म घेतो."

टेबलावर असा हशा पिकला की पेले वाजले. उशुएही हसली, हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिला कळलं की ही पैज गेली. याच्याहून मोठं कौतुक हा माणूस जन्मात कुणाचं करणार नाही, आणि यातला एक शब्दही तिच्या कामाचा नाही.

निघताना आबांनी तिला बाजूला ओढलं. "मी सांगतो इसास्कुनला. ते चांगलं बोलले म्हणून. भरवशाचा माणूस आहे मी."

"नको आबा. हात मिळवलाय मी."

आबांनी तिच्या डोक्यावर टपली मारली. "मग पुढच्या शनिवारी लवकर ये," एवढंच म्हणाले. "कांदे कुणीतरी चिरायला हवेत." आणि आत निघून गेले.

बसच्या ठिकाणी मावशी वाट बघत उभी होती, हाताची घडी घालून.

"काय मग, बालेंदिन? कसं वाटलं आमचं शहर?"

"ओलं," बालेंदिन म्हणाले. "पुलाला सोनं, समुद्र बशीत, घरांना आकडे. स्वयंपाकघरात तर विचारूच नका काय चालतं."

मावशीने उशुएकडे पाहिलं. उशुएने मान हलवली. "नाही बोलले. एक शब्द नाही. हरले मी."

"अरेरे," मावशी म्हणाली, आणि तिला खरंच वाईट वाटलं असावं, कारण तिने उशुएचा खांदा दाबला.

बसचं दार उघडलं. बालेंदिन पायरीवर चढले, आणि तिथेच वळले.

"जूनच्या शेवटी येतो मी," ते मावशीला म्हणाले. "माझं सबंध टोळकं घेऊन. सगळे माझ्याहून हट्टी. मी एकट्याने सांगून त्यांचा विश्वास बसणार नाही की हे गाव किती वाईट आहे, त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघायला हवं. तो समुद्र, ती अरुंद गल्ली, सगळं. त्या गल्लीत जरा जास्त वेळ ठेवा. आणि गाईड हीच. दुसरी कुणी आली तर आम्ही बसमधून खाली उतरणार नाही."

"पण ही तर अजून शाळेत..."

"जूनच्या शेवटी शाळा असते का तुमच्याकडे? आमच्याकडे नसते. तेही आमच्याकडेच चांगलं."

दार लागलं. मावशी बसकडे बघत राहिली, मग उशुएकडे.

"पैज हरलीस ती हरलीस," ती म्हणाली. "घड्या घालायच्या. सगळ्या."

"हो."

"तोंड बंद ठेवून."

"हो!"

"आणि जूनच्या शेवटी त्या भुतांना सांभाळायचं. त्यांना मी हात लावणार नाही. जमेल?"

उशुए मावशीच्या गळ्यात पडून तिला गोल फिरवायला लागली. बस हलली. खिडकीच्या काचेआड बालेंदिनने डाव्या हाताने स्वतःचं उजवं मनगट धरलं आणि ते हवेत गोल, संथ, फिरवून दाखवलं. सराव कर. उशुएने दोन्ही हात वर करून तसेच फिरवले, बस वळणाआड जाईपर्यंत.

मग तिने बसथांब्याच्या लोखंडी बाकावर बोटं टेकवली आणि ती संथ चाल वाजवायला घेतली. या वेळी मावशीनेही तिला थांबवलं नाही.